जुनी थकबाकी, 'सेटल्ड'चा शिक्का आणि गृहकर्ज : अर्जाआधी काय दुरुस्त करायचं?

ताळेबंद

"सिबिल कमी आहे, कोणती बँक गृहकर्ज देईल?" हा प्रश्न इथे सारखा येतो आणि उत्तरादाखल बँकांची नावं येतात. त्याने काही साधत नाही. जुनं क्रेडिट कार्ड किंवा पर्सनल लोन थकलेलं असेल तर फाईल नुसत्या स्कोअरवर अडत नाही. क्रेडिट अहवालात, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदवहीत, त्या खात्यापुढे जी स्थिती लिहिलेली असते तिच्यावर अडते. तिथे 'राइट-ऑफ' (बँकेने बुडीत धरलेलं), 'सेटल्ड' (कमी रकमेत मिटवलेलं) किंवा 'दावा दाखल' असं काही असेल तर स्कोअर ७४० असूनही फाईल परत येऊ शकते. म्हणून स्कोअर वाढवण्याच्या मागे लागण्याआधी ती ओळ दुरुस्त करायची. या धाग्यात त्याच क्रमाने लिहू या, जाणकारांनी भर घालावी.

सुरुवात अहवालापासून. आपण सरसकट 'सिबिल' म्हणतो, पण ते लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या एका कंपनीचं, म्हणजे क्रेडिट माहिती कंपनीचं, नाव आहे. भारतात अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार २०१७ पासून प्रत्येकीकडून कॅलेंडर वर्षात एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. चारही काढा. बँक कोणाकडून मागवेल ते आपल्या हातात नाही, आणि एकीकडे बंद दिसणारं खातं दुसरीकडे अजून थकीत असणं अगदी सर्रास घडतं. मोबाइल ॲपवर दिसणारा नुसता आकडा पुरत नाही, पूर्ण अहवालाची पीडीएफ हवी. तिच्यावरचा कंट्रोल नंबर जपून ठेवा, तक्रार करताना तो लागतो. स्वतःचा अहवाल स्वतः काढल्याने स्कोअर कमी होत नाही, कितीही वेळा काढा.

प्रत्येक खात्यात पाहायच्या गोष्टी: मालकी (एकट्याचं, संयुक्त की जामीनदार), चालू शिल्लक, थकीत रक्कम, शेवटच्या भरण्याची तारीख, राइट-ऑफ रक्कम, सेटलमेंट रक्कम आणि खाली ३६ महिन्यांपर्यंतची पट्टी. पट्टीतला आकडा म्हणजे त्या महिन्यात हप्ता किती दिवस मागे होता ते. ००० म्हणजे वेळेवर, ०३० म्हणजे तीस दिवस मागे. ९० दिवस ओलांडले की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी अनुत्पादक. 'एक्सएक्सएक्स' दिसलं तर घाबरू नका, त्या महिन्याची माहिती बँकेने कळवलेली नाही इतकाच त्याचा अर्थ.

निशिगंध

चांगला धागा. एक भर: अहवालात क्षुल्लक रकमा शोधा. वापरात नसलेल्या कार्डाची वार्षिक फी, त्यावरचा दंड, मग व्याज असं करत हजार-दोन हजारांचं खातं राइट-ऑफ होऊन पडलेलं असतं आणि त्याचा पत्ताच नसतो. रक्कम लहान म्हणून शिक्का लहान होत नाही. स्वस्तात साफ होणारं खातं तेच, ते आधी मिटवा.

पॅन, जन्मतारीख आणि जुने पत्तेही तपासा. नावसाधर्म्यामुळे दुसऱ्याचं कर्ज आपल्या अहवालात चिकटलेलं असू शकतं.

रानजाई

प्रश्न सेटलमेंटचा आहे. समजा कार्डावरचा मूळ खर्च ८०,००० आणि व्याज-दंड धरून बँक आता २,१०,००० सांगते. वसुली विभागाकडून ९०,००० मध्ये मिटवा असा फोन येतो. दोन वर्षांत घर घ्यायचं असेल तर हे घ्यावं की नाही?

मुद्दल

रानजाई, या धाग्यातला खरा निर्णय हाच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

९०,००० भरले की उरलेले १,२०,००० बँक सोडून देते. सोडलेली ही रक्कम तिचं नुकसान असतं आणि तेच अहवालात 'सेटल्ड' म्हणून नोंदलं जातं. खातं आधीच राइट-ऑफ झालेलं असेल तर 'राइट-ऑफनंतर सेटल्ड'. वसुलीवाले "सगळं क्लिअर होईल" म्हणतात ते त्यांच्या वसुलीपुरतं खरं असतं. पुढची बँक ही नोंद 'या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत' अशीच वाचते. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या ८ जून २०२३ च्या परिपत्रकाप्रमाणे शेतीकर्ज सोडून इतर तडजोडींत त्या कर्जदाराला नवं कर्ज देण्याआधी किमान १२ महिने थांबावं लागतं. किमान, हे लक्षात घ्या. संस्था आपल्या धोरणात याहून जास्त काळ ठेवू शकते, आणि गृहकर्जाच्या बाबतीत बऱ्याच जणी ठेवतात.

तेव्हा पैसे असतील तर पूर्ण भरणा. नसतील तर आधी वाटाघाट करून बघा. मुद्दल पूर्ण देतो, व्याजाचा काही भाग देतो, पण दंड आणि उशिराचे आकार उलटवून खातं 'क्लोज्ड' म्हणून कळवा, अशी लेखी मागणी नोडल अधिकाऱ्याकडे (बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे) करा. आकार खात्यातून उलटवणं आणि थकबाकी माफ करणं या हिशेबाच्या दोन वेगळ्या नोंदी आहेत, आणि अहवालात काय जाणार ते त्यावर ठरतं. प्रत्येक संस्था मान्य करेलच असं नाही. पण फोनवरच्या माणसाला हा अधिकार नसतो, म्हणून त्याने नाही म्हटलं की विषय संपला असं समजू नका.

तडजोड करायचीच ठरली तर पैसे भरण्याआधी पत्र हातात हवं. त्यात कर्ज खात्याचा क्रमांक, ठरलेली रक्कम, हप्ते असतील तर प्रत्येकाची तारीख, पैसे कोणत्या खात्यात भरायचे, भरल्यावर किती दिवसांत ना-देय प्रमाणपत्र (काही देणं उरलं नाही असा दाखला) मिळेल आणि खातं कोणत्या स्थितीत कळवलं जाईल हे सगळं लिहिलेलं असावं. पत्र संस्थेच्या अधिकृत ईमेलवरून आलेलं असावं आणि ग्राहक सेवेला फोन करून त्याची खातरजमा करावी. पैसे थेट कर्ज खात्यातच भरा. एजंटच्या यूपीआयवर नाही, रोख तर मुळीच नाही. आणि ठरलेला एखादा हप्ता एक दिवस जरी चुकला तरी तडजोड रद्द होऊन पूर्ण रक्कम पुन्हा उभी राहते, असं कलम बहुतेक पत्रांत असतं. म्हणून तीन हप्त्यांपेक्षा एकरकमी बरी.

ताळेबंद

पूर्ण सहमत. आणि ज्यांनी आधीच सेटल करून टाकलंय त्यांच्यासाठी: दार बंद झालेलं नाही. सोडलेली रक्कम नंतर भरून 'सेटल्ड'चं 'क्लोज्ड' करून घेता येतं. बँकेला लेखी विचारा की माफ केलेली नेमकी रक्कम किती आणि ती भरल्यास स्थिती बदलून कळवाल का. उत्तर 'हो' असं लेखी आलं तरच भरा. मागच्या महिन्यांच्या पट्टीतले ०९० किंवा १८० त्याने पुसले जात नाहीत, ते घडलेलंच असतं. पण मथळ्यातला शिक्का जातो, आणि गृहकर्जाच्या छाननीत आधी तोच डोळ्यांवर येतो.

पायवाट

कर्ज विकलं गेलं असेल तर काय करायचं? बँकेत गेल्यावर "आमच्याकडे हे खातंच नाही" असं सांगतात.

मुद्दल

मग ते बहुधा मालमत्ता पुनर्रचना कंपनीकडे, म्हणजे एआरसीकडे गेलेलं असतं. बँकेकडून कोणाला आणि कोणत्या तारखेला विकलं ते लेखी घ्या, हस्तांतराच्या पत्राची प्रत मागा. त्यानंतर पैसे, तडजोड आणि ना-देय प्रमाणपत्र हे सगळं त्या कंपनीशी. जुन्या बँकेला भरलेले पैसे इथे जमा धरले जातील अशा भरवशावर राहू नका.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. एकच कर्ज अहवालात दोनदा दिसतं, एकदा बँकेच्या नावाने आणि एकदा एआरसीच्या नावाने, दोन्हीकडे थकबाकी. विकल्यानंतर बँकेच्या नोंदीत शिल्लक शून्य असायला हवी. नसेल तर हस्तांतराचं पत्र जोडून तक्रार करा. ही चूक कागदानेच सिद्ध होते.

अनुस्वार

तीन वर्षं उलटली की कर्ज कायद्याने बुडीत होतं आणि सात वर्षांनी अहवालातून जातं, मग थांबलेलं काय वाईट?

ताळेबंद

या दोन्ही समजुतींनी बऱ्याच लोकांची वर्षं वाया जातात. तीन वर्षांची मुदत दावा लावण्यासाठी आहे. मुदतीच्या आत काही रक्कम भरली किंवा लेखी कबुली दिली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. आणि दाव्याची मुदत संपली तरी अहवालातली नोंद संपत नाही, त्या दोन वेगळ्या गोष्टी.

सात वर्षांचंही तेच. क्रेडिट माहिती कंपन्यांविषयीच्या २००५ च्या कायद्याखाली माहिती *किमान* सात वर्षं जपायची आहे. सात वर्षांनी पुसायलाच हवी असं त्यात नाही. शिवाय खातं उघडं आणि थकीत असेल तर संस्था दर वेळी नवी माहिती पाठवतच राहते. न भरलेलं खातं आपोआप जुनं होत नाही.

चक्रवाढ

दुरुस्तीच्या तक्रारीबद्दल लिहितो, कारण इथे नियम अलीकडे बरेच ग्राहकाच्या बाजूने झाले आहेत.

खातं बंद केलं, ना-देय प्रमाणपत्र मिळालं, की लगेच तक्रार करू नका. १ जानेवारी २०२५ पासून संस्थांनी निदान दर पंधरवड्याला माहिती पाठवायची आहे. महिनाभर थांबून अहवाल पुन्हा काढा. तरीही जुनीच स्थिती असेल तर क्रेडिट माहिती कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा आणि त्याच दिवशी कर्ज देणाऱ्या संस्थेलाही ईमेल करा. दोन्हीकडे का? कारण सिबिल असो की एक्स्पेरियन, ती स्वतःहून आकडा बदलत नाही. ती संस्थेला विचारते, आणि संस्थेने मान्य केलं तरच बदल होतो. संस्थेतल्या माणसापुढे कागद आधीच असेल तर "माहिती बरोबर आहे" असं ठोकळेबाज उत्तर येण्याची शक्यता घटते.

मुदत एकूण ३० दिवसांची. त्यात संस्थेला दुरुस्त माहिती पाठवायला २१ दिवस. यापुढे गेलं तर दर दिवशी १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यायची, हा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. संस्थेचा उशीर तर संस्थेने, कंपनीचा तर कंपनीने. तक्रार करतानाच बँक खात्याचा तपशील विचारतात तो याच भरपाईसाठी, तो रिकामा सोडू नका. मात्र स्कोअर कसा मोजला या वादाला ही भरपाई मिळत नाही, चुकीच्या नोंदीलाच मिळते.

तक्रारीत एका वेळी एकच चूक आणि तिचा एकच पुरावा. "माझा स्कोअर अन्यायाने कमी आहे" असं लिहिलं तर उत्तरही तसंच मोघम येतं. "खाते क्रमांक अमुक, अहवालात थकीत ४,३१२, ना-देय प्रमाणपत्र तमुक तारखेचं सोबत जोडलं आहे, थकीत शून्य आणि स्थिती क्लोज्ड करावी" असं लिहा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. फी नाही, वकील नको. क्रेडिट माहिती कंपन्याही १ सप्टेंबर २०२२ पासून लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत.

पैसे घेऊन 'सिबिल साफ करून देतो' म्हणणारे यापेक्षा वेगळं काही करत नाहीत. बरोबर असलेली नोंद कोणालाच काढता येत नाही, आणि चुकीची काढायला पैसे लागत नाहीत. त्यांना ओटीपी आणि पॅन देणं धोक्याचं आहे.

रानजाई

मुद्दल आणि चक्रवाढ, मनापासून आभार. जुनं मिटलं, तक्रारी संपल्या. आता नवी चांगली नोंद कशी तयार करायची? साधं कार्ड तर मिळत नाही.

निशिगंध

मुदत ठेवीवरचं कार्ड. ठेव गहाण राहते म्हणून अहवाल खराब असला तरी मिळतं, ठेवीवर व्याज चालू राहतं. मर्यादा साधारण ठेवीच्या ७५ ते १०० टक्के. समजा ३०,००० ची ठेव, २४,००० ची मर्यादा. महिन्याला सात हजारांच्या आत वापरा, म्हणजे मर्यादेच्या ३० टक्क्यांखाली राहाल. इथे बारीक मुद्दा आहे: कंपन्यांकडे जाते ती साधारणपणे बिल तयार होतानाची शिल्लक. त्यामुळे १८,००० वापरून शेवटच्या तारखेला पूर्ण भरले तरी अहवालात ७५ टक्के वापर दिसू शकतो. जास्त खर्च झालाच तर बिलाच्या तारखेआधीच भरून टाका.

नुसती किमान रक्कम भरून थांबू नका, नेहमी पूर्ण. ऑटो-डेबिट पूर्ण रकमेवर लावा. कार्डाची थकबाकी तीन दिवसांहून जास्त राहिली तरच ती थकीत म्हणून कळवता येते असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण ते तीन दिवस तांत्रिक बिघाडासाठी राखून ठेवा, सवयीसाठी नाही.

पायवाट

सोनेतारण कर्ज घेऊन फेडलं तर?

निशिगंध

मासिक हप्त्यांचं असेल तर उपयोग आहे. मुदतीअखेर एकदम फेडायचं असेल तर दरमहा भरल्याची नोंद तयार होत नाही, व्याज मात्र जातं. एक कार्ड आणि हवं असल्यास एक छोटं हप्त्याचं कर्ज, एवढं पुरे. खात्यांची गर्दी केली की प्रत्येकाची चौकशी (संस्थेने अहवाल मागवल्याची नोंद) अहवालात चढते आणि खात्यांचं सरासरी वय घसरतं. 'आता घ्या, नंतर भरा' वाल्या ॲपची पाच-पाचशेची उधारीही वेगळं कर्ज म्हणून दिसू शकते, ती बंद करा. जुनं एखादं स्वच्छ कार्ड असेल तर ते मात्र बंद करू नका.

ताळेबंद

किती काळ थांबायचं, तर माझ्या मते शेवटचं जुनं खातं 'क्लोज्ड' झाल्यापासून किमान १२ महिने आणि जमलं तर १८ ते २४. घाई किती महाग पडते ते पाहा. ४० लाख, २० वर्षं. दर ८.५ टक्के असेल तर हप्ता सुमारे ३४,७१३. अहवाल कच्चा म्हणून १०.५ टक्क्यांनी घ्यावं लागलं तर ३९,९३५. महिन्याला ५,२२२ जास्त, पूर्ण मुदतीत साडेबारा लाख. पुढे दुसरीकडे कर्ज हलवता येतं आणि बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो, हे खरं. पण हलवतानाही नवी बँक तोच अहवाल पुन्हा वाचते.

हा थांबण्याचा काळ रिकामा घालवायचा नाही. ३० ते ७५ लाखांच्या कर्जात घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येतं, आणि मुद्रांक शुल्क व नोंदणी त्या किमतीत धरत नाहीत. ५० लाखांच्या घराला १० लाख अधिक हे खर्च स्वतःचे लागणार. जुनी देणी मिटवताना हातातला सगळा पैसा तिकडे ओतला तर पुढे इथे अडकायला होतं, म्हणून दोन्ही हिशेब एकाच कागदावर मांडा.

मुद्दल

अर्जाच्या वेळच्या चुका राहिल्या. चार बँकांत एकदम लॉगिन करू नका, म्हणजे फी भरून अर्ज टाकू नका. चार फिया जातात, चार चौकश्या आठवड्याभरात चढतात, आणि पाचवी बँक समजते की चौघांनी नाकारलं. त्यापेक्षा स्वतः काढलेला अहवाल घेऊन शाखेत जा आणि आधी तोंडी विचारा: 'बंद झालेलं, पण पूर्वी एनपीए असलेलं खातं तुमच्या धोरणात बसतं का, किती महिने जुनं असावं लागतं?' बसत असेल तिथे एकच अर्ज. त्याला एक पानाचं पत्र जोडा: कोणतं खातं, कधी थकलं, कारण दोन ओळींत, कधी बंद केलं, ना-देय प्रमाणपत्र सोबत. लपवलेली गोष्ट छाननीत निघाली तर खुलाशाला किंमत राहत नाही.

बँक खात्याचा सहा ते बारा महिन्यांचा उताराही मागतात. ऑटो-डेबिट किंवा चेक परत गेल्याची नोंद अहवालात नसली तरी तिथे उघडी दिसते.

अनुस्वार

नवरा-बायकोपैकी एकाचाच अहवाल खराब असेल तर?

मुद्दल

सगळ्या सहअर्जदारांचे अहवाल पाहिले जातात, कमकुवत अहवाल पूर्ण फाईल खाली ओढतो. घराच्या मालकीत जो असेल त्याला बँका सहसा सहअर्जदार व्हायलाच लावतात. त्यामुळे स्वच्छ अहवाल असलेल्याचं उत्पन्न पुरेसं असेल तर करारनामा आणि कर्ज दोन्ही त्या एकाच्याच नावे, हा सरळ मार्ग. पण पात्रता एकाच पगारावर ठरेल आणि मालकीही एकाचीच राहील, हे दोघांनी बसून, समजून ठरवायचं. कोणाला जामीन राहिला असाल तर त्या कर्जाचीही चौकशी करा. त्याने हप्ता चुकवला की तुमच्या अहवालात दिसतो.

चक्रवाढ

इसाराबद्दल, म्हणजे घर ठरवताना आगाऊ द्यायच्या रकमेबद्दल, कोणी लिहिलं नाही. मंजुरीपत्र हातात येईपर्यंत मोठी रक्कम देऊ नका. रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करार होण्याआधी विकासकाला १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. पण कर्ज नाकारलं गेलं तर ते दहा टक्के परत मिळतील की नाही हे लेखी अटीवर ठरतं. ती अट इसारपावतीत घालून घ्या, पुनर्विक्रीच्या घरासाठी तर नक्कीच.

आणि मंजुरीनंतर, पैसे प्रत्यक्ष वितरित होईपर्यंत, काहीही हप्त्यावर घेऊ नका. फ्रिज नाही, फोन नाही, नवं कार्ड नाही. वितरणाआधी अहवाल पुन्हा काढला जाऊ शकतो आणि नवा हप्ता दिसला तर पात्रता नव्याने मोजतात. बांधकाम चालू असलेल्या घराचं वितरण टप्प्याटप्प्याने होतं, तिथे शेवटच्या टप्प्यापर्यंत हे पाळा.

रानजाई

हे सगळं उतरवून घेतलं. चारही अहवाल मागवायला टाकते आणि लहान रकमांपासून सुरुवात करते. तक्रारींची उत्तरं आली की कोणत्या कंपनीने किती दिवस घेतले ते याच धाग्यावर लिहीन, पुढच्यांना अंदाज येईल.